करंगळीची हाक

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. दिसतो घड्याळासारखा, पण वेळ विचाराल तर माझी फजिती! माझं काम एकच, हात किती हलतो ते मोजायचं. हाताचं ऑपरेशन झालं की दवाखान्यात मला दुखऱ्या हातावर बांधतात आणि माझ्या जुळ्या भावाला चांगल्या हातावर. दुखरा हात किती मागे राहिलाय, ते आम्हां दोघांवरून कळतं. करवत चालवणारे, केस कापणारे, पोळ्या लाटणारे, काय काय हात पाहिले म्हणून सांगू! हातांचं मला सगळं कळतं, असा माझा तोरा होता. तो एका आईनं उतरवला.

ती बाटल्या धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. एक बाटली हातातच फुटली आणि उजव्या हाताची करंगळी वाकवणारी शीर तुटली. डॉक्टरांनी शीर जोडली, हाताला आधारपट्टी घातली आणि हात हलवायचा नाही म्हणून बजावलं.

दिवसभर हात मांडीवर गुपचूप पडून असायचा. पण संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, की अरे बापरे! पट्टीसकट तो असा उसळायचा, की मोजता मोजता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी माझी नोंद पडद्यावर पाहिली आणि सोबत आलेल्या मुलीमार्फत आईला विचारलं,

"रोज संध्याकाळी करता तरी काय? कपडे पिळता की काय?"

"नाही हो ताई," मुलगी म्हणाली, "ती माझ्याशी बोलते."

आईला ऐकू येत नाही, हे ताईंना ठाऊक होतं. पण हात बांधला म्हणजे तिचं तोंडच बांधलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मी? मी तर थक्कच झालो! इतके दिवस मी जिला नुसती हालचाल समजत होतो, त्या गप्पा होत्या, दटावणं होतं, हसणं होतं.

"बोलू नका असं कुणाला कसं सांगू मी?" ताई हळूच म्हणाल्या. "पण शीर पुन्हा तुटली, तर करंगळी कायमची ताठ राहील."

मुलीनं ते हातांनी आईला सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

त्या दिवसापासून आई डाव्या हातानं बोलू लागली. माझ्या भावाची चंगळ झाली! मुलगी चिडवायची, "आई, तू बोबडं बोलतेस!" आणि दोघी खो खो हसायच्या. एका गोष्टीवर मात्र मुलगी अडून बसली. तिचं हातांच्या भाषेतलं नाव आईनंच ठेवलेलं. उजवी करंगळी वाकवून गालावरच्या खळीला टेकवायची, झालं नाव. "ते डाव्या हातानं नको घेऊस. दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलंच नाही.

यथावकाश आधारपट्टी निघाली. करंगळी काही वाकेना. ताई गरम पाण्यात हात बुडवून व्यायाम करून घ्यायच्या, आई दात आवळून करायची, आणि माझ्या नोंदीत काही म्हणजे काही फरक दिसत नव्हता. मला माझीच लाज वाटायची.

मग एकदा दवाखान्यात मुलगी पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधत होती. आईनं पायानं जमिनीवर थाप मारली. मुलीनं वळून पाहिलं. आईचा हात हळूहळू वर गेला, करंगळी वाकली, अर्धीच, आणि गालाच्या खळीला टेकली.

"ओ!" मुलगी मोठ्यांदा ओरडली. आईला ऐकू येत नाही, हे ती पार विसरली होती.

ताई धावत पडद्यापाशी गेल्या. तिथं एक बारीकशी रेघ होती, कपाळ खाजवल्यावर उमटावी एवढी. माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि मला ती धड मोजताही आली नाही!

मित्रांनो, आता माझं रबर पिवळं पडलंय, बक्कल सैल झालंय, मी दवाखान्याच्या खणात पडून असतो. एवढंच मागतो, हातांना जपा हो. आणि कुणी नुसत्या बोटानं हाक मारली, तरी मान वर करून ओ द्या.