डब्यातले फ्यूज

त्या उन्हाळ्यात बहादरपुरच्या वस्तीतली पिण्याची विहीर तळाला गेली आणि ज्योत्स्नाची अन्नावरची वासनाच उडाली. उडणारच की! केळीला पाणी ओढणाऱ्या बोअरींत सगळ्यात खोल बोअर तिच्याच घरची. मग बाईने कूलर बंद केला, भांड्यांचं पाणी झाडांना घातलं, भर दुपारी शेतातली मोटारही बंद करायला लागली. नवरा भूपेंद्र चिडायचा. म्हणायचा, "तू उपास केल्याने गावाचं पोट भरेल का?"

एकदा शेजारचा मधुकर बांधावर भेटला. भला माणूस, मोठ्या खुशीत म्हणाला, "वहिनी, तुमची मोटार बंद असली का आमच्या पाइपाला एकदम जोरदार पाणी येतं."

ज्योत्स्ना तशीच मागे फिरली. म्हणजे तिने वाचवलेलं पाणी शेजाऱ्याच्या पाइपातून वाहत होतं आणि विहीर होती तशीच खाली चालली होती. घरी येऊन ती रडली, मग स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. सगळ्यांनी मिळून दुपारच्या मोटारी बंद ठेवायच्या. एकमेकांवर भरवसा कोणाचाच नव्हता, म्हणून प्रत्येकाने मोटारीचा फ्यूज काढून विहिरीशेजारच्या धुरपदाबाईच्या ओसरीवर आणून द्यायचा. संध्याकाळी परत न्यायचा. कुरकुरत का होईना, लोक तयार झाले.

पहिल्या दुपारी सगळे ओसरीवर जमले आणि फ्यूज स्टीलच्या डब्यात पडले. बाहेर लू चालली होती. शिवारात एकही मोटार चालत नव्हती आणि त्या शांततेची सगळ्यांना भीती वाटत होती.

मग मधुकरच्या बांधाकडून मोटारीची घरघर ऐकू आली. सगळ्यांनी मधुकरकडे पाहिलं. आवाज मात्र ज्योत्स्नाच्या शेतातून येत होता.

मागून एकाचा हात डब्याकडे गेला. आत्ता उठले नाही तर संध्याकाळपर्यंत डबा रिकामा होईल, विहीरही जाईल, हे तिला कळलं. ती उठली. लोक तिच्या मागे निघाले.

भूपेंद्र मोटारीपाशीच उभा होता. "घड भरत आलेत," तो म्हणाला. "आज पाणी नाही दिलं तर झाडं मोडतील. गावासाठी घर बुडवतेस का?"

तो खोटं बोलत नव्हता. पानं करपून लोंबत होती, आणि ती केळी तिनेही स्वतःच्या हाताने लावली होती.

"अहो, आपणही त्याच विहिरीचं पितो," ती म्हणाली. तिने खटका पाडला आणि त्याने लपवून लावलेला दुसरा फ्यूज उपसून घेतला. परत येताना मागे एक झाड घडासकट कोसळलं. तिने वळून पाहिलं नाही.

ओसरीवर तिने तो फ्यूज डब्यात टाकला. मग मधुकरने खाली मान घालून खिशात हात घातला आणि आपलाही जास्तीचा फ्यूज काढला. त्याच्या मागच्यानेही काढला. त्याच्याही मागच्याने.

धुरपदाबाईने झाकण लावून पाहिलं. ते बसेना.