खुर्ची दुरुस्तीला दिली आहे

त्या सकाळी चष्मेवालीनं रोजच्यासारखंच केलं. चाकांची खुर्ची पलंगाला चिकटवून लावली, ब्रेक ओढले, उजवा तळवा गादीत रोवला आणि अंगाचा सगळा भार हातावर उचलला. मध्येच खांद्यात जुनं कापड टरकन फाटावं तसं काहीतरी झालं आणि ती खुर्चीत बसली नाही, आदळली. तोंडातून मात्र आवाज काढला नाही. स्वयंपाकघरात आई होती, आणि आईच्या कानावर एक ‘हाय’ गेली की घरात दिवसभर दुसरा विषय नसे.

एकोणिसाव्या वर्षी जिन्यावरून पडल्यापासून तिचं कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. आता चाळिशी उलटली होती. इतकी वर्षं हातांनीच पायांचंही काम केलं होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरातल्या स्टुलावर आणि गल्लीचा चढ चढून चष्म्याच्या दुकानात. तिथं मागच्या टेबलाशी बसून ती फ्रेमा गरम करून काड्या वाकवी, भिंगं बसवी. समोरच्या गिऱ्हाइकाचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर आहे, हे तिला नुसतं बघून कळे. दुकानात सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. घरी ती ताई होती. घरात आई, धाकटा भाऊ आणि भावजय.

खांदा काही महिन्यांपासून कुरकुरत होताच. केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा तिनं केस कापून टाकले आणि ‘उकडतं’ म्हणून सांगितलं. पण आता झाकून भागण्यासारखं राहिलं नाही.

‘‘खांद्याचा स्नायू हाडाला धरून ठेवणारी कंडरा फाटलीये,’’ सर्जन म्हणाले. ‘‘शस्त्रक्रिया करून शिवावी लागेल. दीड महिना हात गळ्यात, आणि तीनेक महिने त्या हातावर अजिबात भार द्यायचा नाही. पेशंटला उचलायला घरी कोण आहे?’’

हा प्रश्न त्यांनी तिच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या भावाला विचारला होता.

‘‘पेशंट इथं बसलीये, डॉक्टर,’’ ती म्हणाली.

सर्जन हसले आणि पुन्हा भावाकडेच बघून सांगू लागले. ‘‘त्या काळात यांना एका हातानं चालवता येणारी बॅटरीची खुर्ची बघा. आमच्याकडच्या फिजिओथेरपिस्ट बाई सांगतील कुठं मिळते ते.’’

‘‘बघू आपण,’’ भाऊ म्हणाला.

त्या ‘बघू आपण’नंच तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. दवाखाना म्हटलं की ज्याला हटकून बाहेरची कामं निघत, तो भाऊ या वेळी स्वतः तारीख ठरवायला धावत होता. तिच्या खुर्चीचा करकर आवाज जवळ आला की स्वयंपाकघरातलं बोलणं तुटायचं आणि कुणीतरी उगीच भांडी वाजवायचं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिचा पलंग समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलेला दिसला.

‘‘तिथं शांत वाटेल तुला,’’ आई म्हणाली.

‘‘तिथं उंबरा आहे, आई. माझी खुर्ची उंबरा ओलांडत नाही.’’

‘‘अगं, तात्पुरतं आहे!’’

शस्त्रक्रिया चांगली झाली. तिला घरी आणलं तेव्हा खांद्याला पट्ट्या होत्या, हात गळ्यात होता आणि पलंगाशेजारी खुर्चीची जागा रिकामी होती.

‘‘दुरुस्तीला दिलीये,’’ आईनं सांगितलं. ‘‘पुढचं चाक डगमगत होतं ना!’’

चाक डगमगत नव्हतं. संध्याकाळी तिनं भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘‘ब्रेक घासलेत तिचे. कंपनीकडे पाठवलीये, सुटा भाग यायचाय.’’

ब्रेक तिनं स्वतः आठवड्यापूर्वी आवळले होते. तिनं भावजयीला विचारलं, तर भावजय चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. चष्मेवालीनं पुढचा खडा टाकला. आईला म्हणाली, ‘‘कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दिलीत का गं?’’ आई पटकन म्हणाली, ‘‘हो, त्याच्याकडेच.’’ म्हणजे कंपनीही खोटी आणि सायकलवालाही खोटा.

खरं तर तक्रार करावी असं घरात काहीच नव्हतं. वेळेवर गरम खाणं येई. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून भावजय तिला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवी. भांडं द्यायला, पुसायला तिनं कधी नाक मुरडलं नाही. शेजारणी येत, दारातूनच डोकावत आणि आईला म्हणत, ‘‘नशीबवान आहे हो तुमची लेक, सगळं बसल्या जागी मिळतंय! आणि भाऊ तर अगदी देवमाणूस!’’ घरातलं एखादं माणूस चालत नसलं की त्याच्या वतीनं बोलायचा, ठरवायचा, खोटंसुद्धा बोलायचा हक्क चालणाऱ्यांकडे आपसूक जातो. असा कायदा कुणी केलेला नाही, तरी तो घराघरांत पाळला जातो आणि त्याला सगळे माया म्हणतात. त्या मायेला नाव ठेवायला चष्मेवालीची जीभ रेटत नव्हती. म्हणून ती नुसती बघत राहिली.

सगळ्यात जास्त संशय तिला भावजयीचा होता. पुसलेल्या फरशीवर चाकांचे ओले पट्टे उठले की भावजयीचा चेहरा पडे, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ‘घरात वळायला जागा नाही’ असं ती एकदा फोनवर कुणाला तरी म्हणालीही होती. आता तर चष्मेवालीचा मोबाइलही कायम समोरच्या खोलीत ‘चार्जिंगला’ असे.

एका दुपारी आई डुलकी घेत असताना तिनं भावजयीला हाक मारली. ‘‘माझा फोन आण. आत्ता.’’

भावजयीनं तो निमूट आणून दिला. तिनं डाव्या हातानं दुकानात फोन लावला.

‘‘अगंबाई, चष्मेवाली!’’ दुकानदारकाकांचा आवाज ओशाळला. ‘‘कशी आहेस? वाईट वाटलं गं ऐकून. पण तू काम सोडलंस म्हटल्यावर मी किती थांबणार? टेबलावर नवी मुलगी बसवलीये.’’

‘‘मी सोडलं? कोण म्हणालं?’’

‘‘तुझा भाऊ येऊन सांगून गेला ना. म्हणाला, ताईनंच ठरवलंय.’’

तिनं फोन ठेवला. भावजय तिला वळवायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, ‘‘खुर्ची जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत आहे. वर चादर टाकलीये. मी सांगितलं म्हणू नका.’’

चष्मेवालीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ‘‘तू का सांगतेस?’’

‘‘तुम्ही रोज माझ्याकडे चोरासारखं बघता, ताई. मी तुमचं सगळं करते, पण ते बघणं सोसवत नाही.’’

‘‘मग ठेवली कुणी तिथं?’’

भावजयीनं उशी नीट केली आणि निघून गेली.

तपासणीचा दिवस आला. भावानं आणि शेजाऱ्यानं तिला उचलून गाडीत बसवलं, दवाखान्यात तिथल्या खुर्चीत ठेवलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात सोडवून हळूहळू वर नेला, खाली आणला, आणि कपाळाला आठी घातली.

‘‘खांदा छान जुळतोय. पण बाकी अंग एवढं का गळालंय? बॅटरीच्या खुर्चीची सवय झाली का?’’

‘‘सध्या झोपूनच असते ती,’’ भाऊ म्हणाला. ‘‘आराम चाललाय.’’

‘‘एवढे दिवस पलंगावर? अहो, मी फोन करून सांगितलं होतं तुम्हाला, रोज खुर्चीत बसवा म्हणून! तुम्ही म्हणालात, त्यांनाच नको आहे.’’

चष्मेवाली शांतपणे म्हणाली, ‘‘मला कुणी विचारलं नव्हतं.’’

बाहेर फाटकाशी भावानं गाडी आणली, दार उघडलं आणि तिला उचलायला वाकला. दवाखान्याची खुर्ची परत न्यायला एक मावशी उभी होती. चष्मेवालीनं डावा हात लांबवून एक ब्रेक ओढला, मग कष्टानं वळून दुसराही ओढला.

‘‘मी उतरणार नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘जिन्याखाली माझी खुर्ची आहे. ती इथं आण. ती आली की ही सोडते.’’

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘ताई, तमाशा नको. लोक बघतायत.’’

‘‘बघू देत. एवढे दिवस त्या मागच्या खोलीत मला कुणीच बघितलेलं नाही.’’

‘‘अहो बाई, खुर्ची द्या, आत पेशंट खोळंबलेत,’’ मावशी करवादली.

‘‘मावशी, ही सोडली तर मला पुन्हा पलंगावर टाकतील.’’

मावशीनं एकदा तिच्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं. ‘‘बसा मग,’’ ती म्हणाली. ‘‘आत दुसरी असेल, बघते मी.’’

भाऊ आता दबक्या आवाजात, पण तडतडून बोलू लागला. ‘‘तुझ्यासाठी काय करायचं ठेवलंय मी? उद्या दुसराही खांदा जाईल. मग कोण बघणार? आम्हीच ना?’’

‘‘तूच बघशील, माहितीये मला. आणि त्याची भीती मलाही वाटते रे. पण ती भीती माझ्याशी बोलायची होतीस. तू दुकानात जाऊन माझ्या नावावर खोटं सांगून आलास.’’

तो चार पावलं लांब गेला आणि घरी फोन लावला.

ती फाटकाशी बसून राहिली. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर तिची नजर होती. भाऊ आणतो म्हणून फसवेल, खुर्ची येईल पण चाक काढून येईल, असे नाना संशय मनात येत होते. आणि मग वळणावर आई दिसली.

आई रिकामी खुर्ची ढकलत पायी येत होती. केस सुटले होते, पदर घामानं ओला झाला होता. एका खड्ड्यात पुढची चाकं अडकली तेव्हा तिला खुर्ची ओढावी की ढकलावी हेच कळेना. एका पोऱ्यानं हात लावला तेव्हा ती निघाली. फाटकाशी पोचल्यावर आई दम खात खुर्चीलाच टेकली.

‘‘त्याला बोलू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘खुर्ची मी लपवली. दुकानात जाऊन सांगायलाही त्याला मीच लावलं.’’

चष्मेवालीच्या संशयाच्या यादीत आईचं नाव शेवटचं होतं.

‘‘का गं?’’

‘‘खांदा धरून रडायचीस. आवाज न करता रडायचीस, पण मला कळायचं. या खुर्चीनं, त्या चढानं तुझे हात खाल्ले. म्हटलं, खुर्चीच नसली तर हात तरी वाचतील.’’

‘‘हात वाचवून करू काय, आई? पलंगावर पडून छताकडे बघायला हात लागत नाहीत.’’

आईनं डोळे पुसले. मावशीनं आणि भावानं मिळून तिला तिच्या खुर्चीत बसवलं. तिनं डाव्या हातानं ब्रेक ओढून पाहिले, चाक पुढे-मागे फिरवलं, वाकता येईल तेवढं वाकून पुढची चाकं तपासली. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं भावाला आत पाठवलं, फिजिओथेरपिस्ट बाईंकडून बॅटरीच्या खुर्चीचा पत्ता आणायला. तो गेला, आणि या वेळी ‘बघू आपण’ म्हणाला नाही.

आईनं खुर्चीच्या मुठी धरल्या. ‘‘घरी जाऊया?’’

‘‘नाही. दुकानात.’’

दुकानात नवी मुलगी तिच्या टेबलाशी होती. ती गडबडून उठली. दुकानदारकाका चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले.

‘‘काका, मी काम सोडलेलं नाही,’’ चष्मेवाली म्हणाली. ‘‘उजवा हात मोकळा होईपर्यंत रोज थोडा वेळ येईन. हिला शिकवीन, डाव्या हातानं जमेल तेवढं करीन. टेबल मोठं आहे, दोघी मावू.’’

काकांनी मान डोलावली आणि मुलीला तिची खुर्ची बाजूला सरकवायला सांगितलं.

निघताना दारापाशी ती आईला म्हणाली, ‘‘आज ना उद्या दुसऱ्या खांद्याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हा पलंग समोरच्या खोलीतच राहील. आणि खुर्ची पलंगाला साखळीनं बांधलेली असेल. कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात राहील.’’

आईचे हात मुठींवर थबकले. ‘‘आईवर एवढाही विश्वास उरला नाही?’’

समोरच्या उतारावरून खुर्ची खाली न्यायची होती. चष्मेवालीनं डावा हात ब्रेकवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘नाही, आई. अजून नाही. चल, हळू सोड, मी सांगते तिथं वळव.’’