भुरीचे केस

माझी माय मला ओळखत नाही, हे मी आता कुणालाही तोंडावर सांगते. आधी लाज वाटायची. शेजारपाजारच्या बायांसमोर तिनं मला "व बाई" म्हणलं की मी उगं हसून वेळ मारून न्यायची. दीड वर्ष झालं आता, लाज तरी कुठवर धरायची?

माय म्हणजे पार्वतीबाई. मुरुडला राहायची, बाप वारल्यावर मी तिला लातूरला माझ्याकडं आणलं. मी विशाखा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय चौपन्न. माय आल्यापासून मेंदी सुटली, शेंडे सोडले तर डोकं सगळं पांढरं. नवरा मागंच गेला, लेकरं झाली नाहीत, घरात आम्ही दोघीच. डॉक्टर म्हणले, विसरायचा आजार आहे, आत्ताचं पुसलं जातं अन् मागचं तेवढं राहतं. मायच्या डोक्यात मी आठ-नऊ वर्षांची आहे. लहानपणी माझे केस भुरे होते, म्हणून घरात सगळे मला भुरीच म्हणायचे. माय दिवसभर दारात बसून त्या भुरीची वाट बघते. भुरी अजून शाळंतून आली न्हाई, म्हणते, भुरीसाठी अर्धी भाकर ठेवा. मी ताट घेऊन समोर उभी असते अन् ती माझ्या पाठीमागं रस्त्याकडं बघते.

बरं, कुणालाच ओळखत नसती तर मी सोसलं असतं. माझा धाकटा भाऊ धम्मानंद नांदेडला असतो. वर्षातून एकदा जयंतीच्या आसपास येतो, अर्धा दिवस बसतो, चहा पितो अन् जातो. औंदा एप्रिलात आला तर माय म्हणली, आला का माझा धम्मा! टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस तिला ओळखू येतो. तिचं हगणं-मुतणं मी काढायचं, रात्रंदिवस मी जागायचं, अन् ओळख याला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धम्मानंद जाताना चप्पल घालत म्हणला, ताई, तुझे केस किती पांढरे झालेत, ती तरी कशी ओळखणार? त्याच्या डोक्यावर एक केस नाही, ते सोडून.

पण बोलणं डोक्यात बसलं. केस भुरे करायचे, मग माय ओळखेल.

वरच्या मजल्यावर मनस्विनी राहते, घरातच पार्लर चालवते. मी शाळेत असले की मायवर नजर तीच ठेवते. तिनं बजावलं होतं, ताई, तुम्ही इतकी वर्षं लोखंडी कढईतली मेंदी लावलीय, त्यावर रंग काळा पडतो, घरी रंग लावू नका, मी लावून देते. मी म्हणलं, मी मास्तरीण आहे, मला पाकीट वाचता येतं. पांढऱ्या केसांवर रंग धरत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून गडद भुऱ्याचं पाकीट आणलं. अर्धा तास ठेवा, असं त्यावर लिहिलं होतं.

मे महिन्यातला रविवार होता. डोक्याला रंग थापला आणि नळ आला. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो आणि वेळ सांगून येत नाही. नळ आला की लातूरचा माणूस जेवत्या ताटावरून उठतो, मी तर नुसता रंग लावून बसले होते. मोटार लावली. हौद भरला, दोन बॅरल भरले, घागरी, बादल्या, डबे, कुकरसुद्धा भरून ठेवला. नळ गेला तेव्हा दोन तास झाले होते. डोक्यावर पाणी घेतलं, आरशात बघितलं आणि कपाळावर हात मारला. डोकं काळंभोर झालं होतं, भुरेपणा औषधालाही नव्हता.

तरी वेड्या आशेनं मी तशीच मायपुढं गेले. म्हणलं, पांढऱ्यापेक्षा बरं. तिनं वर बघितलं, कितीतरी महिन्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं पदर छातीशी आवळला आणि भिंतीला सरकली.

"कोंडाबाई," ती म्हणली, "तुझ्या हातचं मी खायची न्हाई."

कोंडाबाई म्हणजे माझी आत्या, मायची नणंद. कमरेपर्यंत काळेभोर केस, आणि तोंडावळा म्हणाल तर मी सगळी बापाच्या वळणावर गेलेली. पहिल्या बाळंतपणात हिनंच मायला खोलीत कोंडून दोन दिवस उपाशी ठेवलं होतं, ते लेकरू जगलं नाही. हे मायनं मला एकदाच सांगितलं होतं. आत्या मरून पंधरा वर्षं झाली. मी तिला माझ्या हातानं घरात परत आणलं होतं.

पांढऱ्या केसांची होते तेव्हा मी तिला परकी होते, पण भली तरी होते. लई चांगली हायस व बाई, म्हणायची आणि माझ्या हातून जेवायची. आता मी घास पुढं केला की तोंड घट्ट मिटायची. डोक्याला रुमाल बांधून गेले, तर कोंडाबाई तोंड लपवून आली, म्हणून रडली. मनस्विनी दोन वेळा खाली येऊन दोन-चार घास भरवायची, तेवढ्यावर माय राहायची. आठवड्यात तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं.

मनस्विनी मला बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. रंग उतरवायचं औषध मेंदीच्या केसांवर चालत नाही, म्हणली, हिरवे होतील नाहीतर तुटून हातात येतील. सगळे कापून टाक, मी म्हणलं. तिनं कात्री हातात घेतलीसुद्धा. पण भुरे व्हायची आशा माझ्याच्यानं सुटेना. मग तिनं दुसरा उपाय सांगितला. कोंड्याच्या शाम्पूत खायचा सोडा, मधून मधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून त्याचा लेप, रात्री कोमट तेल, आणि धुवायचं, धुवत राहायचं. धुवायचं म्हणजे पाणी! ज्या पाण्यापायी रंग डोक्यावर राहिला, तेच बॅरल मी डोक्यावर ओतून रिकामे केले. मोरीतून काळं पाणी जायचं आणि मी ते बघत बसायची. चौथ्या दिवशी बॅरल संपले. मग बोअरचं जड पाणी, केसांचा नुसता काथ्या झाला. मायला मात्र ओल्या फडक्यानं पुसून काढत होते. मी काय करतेय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी रंगानं हार मानली. आधी कानशिलं तांबूस झाली, मग सगळं डोकं. एका सकाळी दारातल्या उन्हात आरसा धरला आणि माझा मलाच विश्वास बसेना. अस्सल भुरे, शाळेत जाताना होते तसे! मी दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. चौपन्न वर्षांची बाई, लोकांनी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. काढू दे. दुधात भाकर कुस्करली आणि उंबऱ्यात मायपुढं जाऊन बसले.

माय बघत राहिली. घाबरली नाही. तिनं हात उचलला आणि माझी वेणी बोटांत धरली.

"माझ्या भुरीचे केस असेच हायती," ती म्हणली.

"माय, मीच भुरी."

ती हसली. लई मायेनं हसली, लहान लेकरानं खोटं बोलल्यावर हसावं तसं.

"न्हाई व बाई, भुरी लहान हाय."

मी घास पुढं केला. तिनं तोंड मिटलं नाही, माझा हात हळूच बाजूला केला आणि वाटी उचलून मांडीवर घेतली. भुरी सकाळधरनं उपाशी हाय, हे तिला ठेवते, म्हणली. आधी निदान अर्धी भाकर स्वतः खायची, अर्धी तिला ठेवायची. माझे केस बघून तिला भुरी आणखीनच आठवली होती.

"तू खा की माय. तिला मी दुसरं देते."

"ती आल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

तिनं वाटीवर पदर झाकला आणि मला बसायला म्हणून उंबऱ्यात जरा सरकून जागा केली. मी तिच्या शेजारी बसले. ती रस्त्याकडं बघत होती. मीही तिकडंच बघत बसले.