वाऱ्याकडची बाजू

लाट बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून आत आली आणि आजोबांना पुन्हा भिजवून गेली.

"बाबांच्या तोंडात पाणी गेलं गं!" क्लेमा म्हणाली आणि थडग्याच्या दगडावरची पांढरी चादर पिळायला पुढे सरकली.

"दगड आहे तो, आई. बस खाली," सुकाणूवरून आयोना ओरडली.

"तुझा आजा आहे तो!"

आयोनानं वाद घातला नाही. कॅरियाकू बेटावर थडग्याचा दगड बसेपर्यंत माणूस पुरता गेला असं कुणी मानत नाही. दगड आधी घरी येतो, पलंगावर निजतो, त्याच्यापुढे ताट वाढलं जातं, मग सगळं गाव त्याला वाजतगाजत नेऊन बसवतं. आजोबांचा दगड ग्रेनाडात कोरून घेतला होता आणि आज संध्याकाळी तो विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावर पोचायचा होता. गावात एव्हाना बकरा कापून झाला असेल, पातेली चढली असतील. दगड यायचा तोही आजोबांच्याच 'ऑगस्टा' या बोटीतून, शिडावर. इंजिन त्यांनी तिला कधी बसवूच दिलं नव्हतं.

ही तिची शेवटची खेप, असं कॅन्यूटमामानं ठरवून टाकलं होतं. आजोबांमागे बोट त्याच्याकडे आली खरी, पण त्याचे हात आता कापत, सुकाणूचा दांडा धरवत नसे. ती विकत घ्यायला मार्तिनिकचं एक गिऱ्हाईक आज किनाऱ्यावरच येऊन बसणार होतं. आयोना बोटीवरच वाढलेली, पण सुकाणूवर बाई म्हटलं की मामाला ठसका लागायचा. आज दांडा तिच्या हाती आला तो निव्वळ नाइलाजानं. बोट उजेड असताना विंडवर्डला नीट लावली तर विकायची नाही, एवढं तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानं मान हलवली होती, माशी हाकलावी तशी.

ग्रेनाडाचा आडोसा सुटला आणि दोन बेटांमधला प्रवाह बोटीला पश्चिमेकडे ओढायला लागला. आयोनानं दांडा अंगाशी दाबून धरला, शीड ताणलं, तरी 'ऑगस्टा' वाऱ्याला तोंड देईना. प्रत्येक लाटेत नाक खुपसायची आणि थबकायची. दूरचं कॅरियाकू जवळ यायच्या ऐवजी उजवीकडे सरकत चाललं होतं.

"पश्चिमेच्या हिल्सबरोला लाव," मामा म्हणाला. "आडोशाची जागा आहे. तिथून ट्रक करू."

"आजोबा ट्रकमधून?"

"मग पोहत नेतेस?"

आयोना नाळेकडे बघत राहिली. आजोबांना घर सगळ्यांआधी दिसायला हवं म्हणून निघताना मामानंच दगड अगदी टोकाला उभा बांधला होता. गावातल्या कुणीही तेच केलं असतं. पण ते सगळं ओझं नाळेवर आलं होतं.

"मामा, दगड तिथून काढायला हवा."

"आणि टाकू कुठे? बोटीच्या पोटात, तोल राखायच्या धोंड्यांमध्ये? माझ्या बापाला?" त्याचा आवाज फुटला. "मेलेल्या माणसाची काही लाज ठेव."

आजोबांचा अपमान तिलाही करायचा नव्हता, आणि त्यांची बोटही घालवायची नव्हती.

"मामा, शर्यतीत आजोबा कुठे बसायचे?"

उत्तर क्लेमानं दिलं.

"वाऱ्याकडच्या कडेवर. ढुंगण पाण्यावर आणि तोंडात शिव्या."

"मग तिथेच बसवा त्यांना."

मामा दगडाकडे बघत राहिला. मग त्यानं दोर सोडायला घेतला. त्याच्या बोटांना गाठ सुटेना, तशी क्लेमानं ती दातांनी ओढली. दोघा म्हाताऱ्या भावंडांनी ओल्या फळीवरून दगड सरकवत मधोमध आणला आणि वाऱ्याकडच्या कडेला टेकवून बांधला.

'ऑगस्टा'नं नाक वर काढलं. ती नुसती वाचली नाही, धावायला लागली. शीड गच्च भरलं, बाजूनं पाणी फेसाळत मागे पळालं, आणि आयोनाला आपण मोठ्यानं हसतोय हे आईनं वळून पाहिलं तेव्हा कळलं.

"शीड पालटतेय!" ती ओरडली. "आजोबा, सरका!"

शीड एका बाजूनं दुसरीकडे गेलं, वाऱ्याकडची बाजू बदलली, तसे आजोबाही फळीवरून दुसऱ्या कडेला गेले. पहिल्या खेपेला मामानं छातीवर क्रूसाची खूण केली. दुसऱ्या खेपेला तो नुसताच धापा टाकत होता. त्यापुढच्या खेपेला मात्र आयोनानं तोंड उघडायच्या आत तोच दगडाला थोपटत म्हणाला,

"उठा बाबा. पोरगी बसू द्यायची नाही."

आणि दगड बांधून झाल्यावर तो स्वतःही त्याच्या शेजारी कडेवर बसला, पाठ पाण्याकडे झोकून. तिथे बसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऊन तिरपं झालं होतं, पण पाण्याखालच्या खडकांच्या रांगेतली हिरवी-निळी वाट अजून स्वच्छ दिसत होती. मामा एकदा सुकाणूकडे वळला, काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आयोनानं बोट त्या वाटेतून अशी आत घेतली, की क्लेमाच्या मांडीवरचा खोबऱ्याच्या पावांचा डबासुद्धा हलला नाही.

किनाऱ्यावर शंख वाजला, मग ढोल. माणसं छातीभर पाण्यात उतरून आली. आजोबांची ओळख पटल्यासारखी ती त्यांच्या नावानं हाका मारत होती. कॅन्यूटमामानं रमची बाटली उघडली, पहिली धार दगडावर सोडली, दुसरी 'ऑगस्टा'च्या फळ्यांवर. चौघांनी आजोबांना खांद्यावर घेतलं, तशी क्लेमा हसत-रडत त्यांच्यामागून पाण्यात उतरली.

गर्दीतून वाट काढत मार्तिनिकचं गिऱ्हाईक पुढे आलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. त्यानं मामाला अदबीनं विचारलं,

"कप्तान, ताबा कधी घेऊ?"

मामानं बाटलीचं बूच लावलं. कापऱ्या हातांनी ते नीट बसेपर्यंत तो दाबत राहिला.

"कप्तान शीड उतरवतेय," तो म्हणाला. "तिचं काम होऊ दे. मग तिलाच विचार."

आयोनानं ते ऐकलं. शिडाची गाठ साधीच होती, तरी तिला ती दोनदा मारावी लागली.