काचेतली तुती

शिवणकाकूंच्या घरामागची जागा जेमतेम चार खाटा मावतील एवढी. पूर्वी तिथे आजूबाजूचे लोक फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या आणून टाकायचे. काकूंचा नवरा रंगारी. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती उजळवून घरी आला की आपल्याच मागच्या दाराकडे त्याला बघवायचं नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्याने सगळा कचरा उपसला, कुठून तरी माती आणून पसरली आणि कोपऱ्यात तुतीची एक फांदी खोचली. जगली तर जगली, म्हणाला.

ती अशी जगली की काही वर्षांत कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं काढून उभी राहिली. भिंतीवर वेल चढला, कडेने झुडपं दाटली. रंगाऱ्याने रंगाच्या मोठ्या डब्याचं झाकण उताणं ठेवून त्यात पाणी भरलं आणि पाखरांना जणू घरोघरी निरोप गेला. चिमण्या आल्या, होले आले, बुलबुल तर हक्काने राहायलाच आले. तुती पिकली की काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांवर जांभळे शिंतोडे पडायचे. गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा खराब झाला म्हणून काकू करवादल्या, तर रंगारी म्हणायचा, "अगं, फुकटात नक्षी काढून मिळाली, बिल लाव." गल्लीतले लोक त्या जागेला रंगाऱ्याचं जंगल म्हणायचे.

मग एक दिवस शिडीवरून उतरताना त्याचा उजवा पाय खाली टेकलाच नाही. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर लेकीने खाट मागच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवली. काकूंनी शिलाई मशीनही तिथेच हलवलं. पहिले काही दिवस तो छताकडे बघत पडून असायचा. एका सकाळी तुतीवर बुलबुलांचं भांडण जुंपलं आणि त्याची मान हळूहळू खिडकीकडे वळली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, आता मीही नाही आले तरी चालेल, तुमचा डॉक्टर त्या झाडावर बसलाय. काकू खूप दिवसांनी हसल्या.

घरामागे, कंपाउंडपलीकडे एक जुनं गोदाम होतं. ते पाडून तिथे चार मजली ऑफिस उभं राहिलं आणि त्याची काकूंच्या बाजूची सगळी भिंत आरशासारख्या काचेची झाली. आधी ती सगळ्यांना आवडली. खोलीत उजेड वाढला. काचेत तुती दिसायची, तिच्या मागे आभाळ दिसायचं. लेक म्हणाली, "आई, तुमचं जंगल दुप्पट झालं की."

पाखरांनाही तसंच वाटलं.

पहिल्यांदा धप्प आवाज आला तेव्हा काकूंना वाटलं, कुणाचा तरी चेंडू लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर कंपाउंडच्या आत, भिंतीच्या पायथ्याशी बुलबुल पडला होता. मान भलतीकडे वळलेली, चोचीला तुतीचा ओला रस. त्यांनी खिडकीकडे पाठ करून खुरप्याने वेलाखाली खड्डा केला. आत येऊन हात धुतले आणि नवऱ्याला सांगितलं की मांजराने घाण केली होती. त्यानंतर अधूनमधून तो आवाज येत राहिला. तुती भराने पिकू लागली तसा तो वाढला. झाड जितकं बहरेल तितकी पाखरं यायची आणि जितकी यायची तितकी मरायची.

काकू ऑफिसात गेल्या. तिथला मॅनेजर भला माणूस होता, त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाला की इमारत आमची नाही, आम्ही भाडेकरू. काचेवर काही चिकटवलं तर काच बसवणारे जबाबदारी झटकतात. तरी मी वर कळवतो. वर म्हणजे कुठे ते त्यालाही नीटसं माहीत नव्हतं. लेकीने फोटो काढून मालक कंपनीला मेल केला, तर संपर्क साधल्याबद्दल आभार असं उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. फाटकावरच्या वॉचमनने मात्र काकूंना बाजूला घेतलं. पलीकडच्या बोळात पडलेली पाखरं तोच सकाळी ऑफिस उघडायच्या आत झाडून घ्यायचा, कारण तसं बरं दिसत नाही असं त्याला सांगितलेलं होतं. "मावशी," तो म्हणाला, "एक चिमणी काल हातात जिवंत होती. पाणी पाजायला गेलो तर मान टाकली."

काकूंनी हातपाय गाळले नाहीत. शिवणातून उरलेल्या कापडाच्या पट्ट्या दोरीला शिवून त्यांनी तुतीच्या आणि काचेच्या मधे लांबलचक तोरण बांधलं. वारा आला की पट्ट्या फडफडायच्या. आवाज थांबला, कारण पाखरंच थांबली. एकही फिरकेना. रंगारी दिवसभर रिकाम्या फांद्यांकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, घास पुढे केला की ओठ मिटून घेऊ लागला. लेकीने समजावलं, काकूंनी विनवण्या केल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काकूंनी स्टुलावर चढून पट्ट्या सोडल्या. दुसऱ्याच दिवशी बुलबुल आले आणि त्याने दोन घास जास्त खाल्ले. दुपारी धप्प आवाज आला.

काकूंनी मग एक सवय लावून घेतली. झाडावर गर्दी झाली की त्या मशीन जोरात चालवायच्या. शिवायला काही नसलं तरी चिंधीवर चिंधी जोडायच्या. त्यांचा हिशेब असा की मशीनच्या खडखडाटात तो आवाज बुडून जाईल.

त्याच सुमारास रंगारी डाव्या हाताने एक खूण करू लागला. दोन बोटं मिटायची, उघडायची. कात्री. काकूंनी त्याची नखं कापली. खूण थांबेना, तेव्हा मिशी कातरली, केस कापले. तो आणखी चिडला. चिडल्यावर घशातून नुसता आवाज यायचा आणि डोळ्यांतून पाणी. काकू म्हणायच्या, अहो, आता कापण्यासारखं काय उरलंय तुमच्याकडे? म्हणून हसायच्या आणि तोंड दुसरीकडे फिरवायच्या.

एका दुपारी मशीनचा दोरा तुटला. काकू सुईत दोरा ओवत होत्या, खोली शांत होती. धप्प. त्यांनी दचकून खिडकीकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, चेहरा ताणलेला. दचकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. रोजचं ओळखीचं दुखणं सोसणाऱ्या माणसाचा होता. मग त्याने डोळे उघडले, बोटांची कात्री केली आणि तो हात खिडकीकडे नेला.

काकूंना आत्ता कळलं. मशीन चालू असताना तो इतके दिवस हेच ऐकत पडला होता.

"तुती?" त्यांनी विचारलं.

त्याने डोळे मिटून उघडले. त्याचं हो असंच असायचं.

"अहो, मग तुम्ही दिवसभर बघणार काय?"

त्याने पुन्हा बोटांची कात्री केली.

वॉचमन ड्युटी संपवून करवत घेऊन यायला तयार झाला. पण फांद्यांत हात घातल्यावर काकूंना आत घरटं दिसलं. वाटीएवढं, त्यात तीन उघड्या चोची. वॉचमनने करवत खाली ठेवली. काकूंनी आत येऊन नवऱ्याला तीन बोटं दाखवली, मग हाताचा पाळणा करून दाखवला. त्यानंतर दोघं फक्त वाट बघत राहिली. आईबाप पाखरं दिवसभर अळ्या घेऊन ये-जा करायची आणि ती काचेकडे वळली की रंगाऱ्याचा डावा हात चादर मुठीत धरायचा. काकूंनी पट्ट्या पुन्हा बांधायचा विचार केला, पण आईबाप पिल्लांना टाकून गेले तर? इकडे आड, तिकडे विहीर. देवाचं नाव घ्यायचं आणि बसून राहायचं, एवढंच उरलं होतं.

पिल्लं भरभर वाढली. एका सकाळी पहिलं पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसलं, शेपूट अजून अर्धवट. आईने कंपाउंडच्या भिंतीवरून हाक घातली, तसं ते धडपडत तिच्याकडे उडालं आणि पोचलं. दुसरंही पोचलं. काकूंनी नकळत टाळी वाजवली. तिसरं जरा उशिरा निघालं. ते काचेतल्या तुतीकडे उडालं.

आवाज फार हलका आला. एरवीसारखा धप्प नाही, कुणी बोटाने टिचकी मारावी तसा.

काकू जागच्या हलल्या नाहीत. मागून घशातून येणारा तो आवाज ऐकू आला आणि त्यांनी जाऊन नवऱ्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. कंपाउंडच्या भिंतीवर पिल्लाची आई बराच वेळ बोलावत होती, काचेकडे तोंड करून.

संध्याकाळी वॉचमनने तुती कापली. बुंधा अजून बारीकच होता, फार वेळ लागला नाही. काकूंनी झुडपं उपटली, वेल ओढून काढला, पाण्याचं झाकण घरात आणलं. काचेत आता फक्त उघडी माती आणि काकू दिसत होत्या. लेक म्हणाली, बाबांची खाट पुढच्या खोलीत घेऊ, तिथे रस्ता तरी दिसेल. पण खाटेला हात लावल्याबरोबर त्याने मान हलवली. तो तिथेच राहिला.

काही दिवस बुलबुलांची एक जोडी येऊन बुंध्यावर बसायची, इकडेतिकडे बघायची आणि उडून जायची. मग तीही येईनाशी झाली. आवाज जवळजवळ बंद झाला. अगदी बंद नाही, कारण आभाळही काचेत दिसतच होतं. मॅनेजरचा निरोप आला की काचेचा विषय वर विचाराधीन आहे.

तुतीचं बूड मात्र मेलं नव्हतं. कापल्या जागेखालून हिरवे कोंब फुटले, आठवड्याभरात वीतभर झाले. काकू खुरपं घेऊन बाहेर गेल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. मागे वळून पाहिलं. खिडकीतून रंगारी बघत होता. त्याचा डावा हात चादरीवर होता आणि या वेळी त्याने कसलीच खूण केली नाही. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनीच एकेक कोंब मोडायला घेतला. कोवळ्या देठांतून पांढरा चीक बोटांना लागत होता.