व्याह्यांनी उपसलेली टाकी

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता. पण डोळे माझे होते आणि फजिती व्याह्यांची.

आमच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे. म्हशीचं शेण आणि घरातला ओला कचरा आत टाकायचा, गॅस थेट सुनेच्या शेगडीला. तर आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, पाहुणे म्हणून आले आणि शेगडी बघून म्हणाले, "ज्योत मरतुकडी आहे. गॅस वाढवायला हवा."

जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. शेणाकडे बघायच्या आधी चष्मा पुसतो, आणि बघून झालं की परत पुसतो! उंटावरून शेळ्या हाकायची जातच ती.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, पैज लावू. ज्याच्या उपायानं टाकी बिघडेल त्यानं ती उपसायची. बादलीनं, तळापर्यंत."

"मंजूर," म्हणाले. एवढी अक्कल!

आणि केलं काय? बाजारातून पोतंभर संत्र्यांची सालं आणून एका दमात आत ओतली. अहो, टाकी म्हणजे पोट असतं. आतल्या जिवांना रोजचं शेण पचतं; भलतंच आंबट कोंबलं की अजीर्ण होणारच. टाकी नासली. गॅस गेला, वास आला. असा वास, की वरून चाललेला कावळा खाली उतरला आणि चालत घरी गेला.

"चालत?" ओट्यावर कॅन टेकवून ऐकणाऱ्या दूधवाल्यानं विचारलं.

"दोन्ही पंखांनी नाक धरलं होतं ना! उडणार कशानं?"

मग काय, पैज म्हणजे पैज. व्याह्यांनी टाकी उपसली, चष्म्यासकट. मी खुर्ची टाकून, "तो कोपरा राहिला, प्रोफेसर," असं मार्गदर्शन करत होतो. नंतर मी शेजाऱ्याच्या चालू टाकीतला बादलीभर शेणकाला विरजणासारखा आत घातला, ताजं शेण कोमट पाण्यात कालवलं, भाजीचे देठ बारीक चिरून बेताबेतानं दिले. गॅस असा चढला की वरचं लोखंडी झाकण पार कौलांच्या वर गेलं, त्यावर निजलेल्या मांजरासकट. उतरायला शिडी लावावी लागली.

"आणि व्याही?"

"गेले तोंड लपवून, मिळेल त्या गाडीनं. पुस्तकी किडा तो! स्वतःच्या हातानं कधी घाण उपसली असेल तर ना..."

एवढ्यात सूनबाई चहा घेऊन दारात आली. कप दूधवाल्याच्या हातात दिला, माझा स्वतःकडेच ठेवला.

"मामंजी, सालं टाकू नका म्हणून आमचे बाबा तुमचा हात धरत होते. आणि टाकी जर त्यांनी उपसली, तर सासूबाईंनी आठवडाभर गोठ्यात निजवलं कुणाला? म्हशीनं दावं तोडलं ते कुणाच्या वासानं?"