निवांतरावाचा उशीर

आमचा ड्रमवाला निवांतराव उशिरा वाजवायचा. यायचा वेळेवर हं. ठोका उशिरा पडायचा. जिथे पडायला हवा तिथून केसभर मागे. त्या केसभर फटीत ऐकणाऱ्याची कंबर आपोआप हलायची. फंकी जॅझ म्हणजे दुसरं काय असतं? एका लग्नात तर हॉलमधलं घड्याळ त्याच्या ठोक्याची वाट बघत थांबून राहिलं. नवरीचा मामा चावी द्यायला स्टुलावर चढला आणि वरच नाचायला लागला. खोटं वाटत असेल तर मामाला विचारा, अजून लंगडतोय.

मग निवांतरावाचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हा हात आता थोड्या दिवसांचा पाहुणा. निवांतराव जन्मात पहिल्यांदा घाईने बोलला, "अल्बम करू. हात गेला तरी उशीर मागे राहील."

स्टुडिओ त्याच्या जावयाचा. तळघर, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, काचेपलीकडे जावई. गुणी पोरगा, पण आमचे बरे दिवस सरल्यावर घरात आलेला. सासऱ्याला वाजवताना त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

काठी निसटू नये म्हणून वहिनींनी ती रुमालाने निवांतरावाच्या हाताला बांधली. काय वाजवलं त्याने! ठोक्याची वाट बघता बघता माझ्या बास गिटारच्या तारांना गंज चढला.

"बाबा, एकदा ऐकून घ्या ना," जावई म्हणाला.

पण आमच्या बँडचा नेम होता: आपलं वाजवलेलं आपण ऐकायचं नाही. ऐकलं की माणूस स्वतःचीच नक्कल करायला लागतो. आमच्या ट्रम्पेटवाल्याने, म्हणजे भोंग्याने, एकदा चोरून ऐकलं होतं; पुढे आठवडाभर त्याच्या ट्रम्पेटमधून नुसत्या शिंका निघत होत्या.

"अल्बम तयार झाला की सगळेच ऐकू," निवांतराव म्हणाला. "तोवर कान तुमचे, जावईबापू."

अल्बम तयार होईपर्यंत हात गेला. मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, विसरलेल्या छत्रीसारखा. आम्ही दुपारी त्याच्या घरी जमलो. जावयाने अल्बम लावला. माझा बास होता, भोंग्याचा ट्रम्पेट होता, ड्रम होते. सगळं कसं इस्त्री केलेलं. कुणाची कंबर हलली नाही. वहिनींच्या हातातली वाटाण्याची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

निवांतरावाने मान वाकडी करून ऐकलं. "छान वाजवतोय," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

"तुम्हीच, बाबा!" जावयाचा चेहरा उजळला. "हात थरथरत होता ना, ठोके मागे पडत होते. कॉम्प्युटरवर एकेक ठोका उचलून जागेवर बसवला मी. झोप नाही की जेवण नाही."

"अरे शहाण्या, तो मागेच—" भोंगा उसळला. वहिनींनी त्याचा पाय दाबला.

मी हळूच विचारलं, "मूळचं ठेवलं असशील ना?"

"नाही हो, काका. कुणाच्या हाती पडलं असतं तर बाबांचं हसं झालं असतं. तेव्हाच पुसून टाकलं."

वहिनी वाटाणे तसेच टाकून आत गेल्या.

निवांतरावाने जावयाला जवळ बोलावलं. मग म्हणाला, "फार मेहनत घेतलीत, जावईबापू." आणि डाव्या हाताने त्याची पाठ थोपटली.

"डाव्याने वाजव की रे," भोंगा रडकुंडीला आला होता.

"डावा सरळमार्गी. त्याला उशीर कधी जमलाच नाही."

अल्बम चालूच होता. बंद करायला कुणी उठेना. थोड्या वेळाने निवांतरावाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागला, अल्बमबरोबर, अगदी जागच्या जागी.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, हे तरी थांबेल. ते आपलं चाललं होतं, बिनचूक.